झोपेच्या आजारांकडे वळताना

रामटेकला बसून झोपेवर लिहायचे, तर कालिदासाला वळसा घालून जाता येत नाही. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपला गड, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले. यक्ष इथे दिवस कंठतो आणि तिकडे अलकेत त्याची पत्नी झोपेची आस धरते, स्वप्नात तरी भेट व्हावी म्हणून. पण डोळे भरून येतात आणि झोपेला जागाच उरत नाही. वर्षाच्या शापातले चार महिने उरलेले, म्हणजे आठ सरलेले. आठवड्यातून निदान तीन रात्री झोप लागत नाही, दिवसाही त्याची झळ बसते आणि असे तीन महिने चालते, तेव्हा आजचे वैद्यक त्याला जुनाट निद्रानाश म्हणते. कवीची नायिका त्या मुदतीच्या कधीच पलीकडे गेली होती.

उडालेली झोप ज्याची त्याला कळते. अवघड असतो तो झोपेतच घडणारा आजार. रामाच्या गावात घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून हसणे ओघानेच आले, आणि त्या हसण्यात पुष्कळदा निदान राहून जाते. घोरणे अचानक थांबते. छाती-पोट हलत असते, पण घसा मिटल्यामुळे हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस धापकन श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. रात्रभर हे चालते. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. उरते ते जड डोके, कोरडे तोंड, दिवसाची पेंग, आणि कित्येकदा गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांची तपासणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.५ टक्के पुरुषांना दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला. मनसरवरून रात्री ट्रक नेणाऱ्या चालकाची पेंग आळसात जमा करण्याआधी हा आकडा आठवावा.

या विषयात नवख्या वाचकांनी यंत्रांपासून नव्हे, प्रश्नांपासून सुरुवात करावी. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांची १९९१ची एपवर्थ प्रश्नावली त्यासाठी सोपी आहे. वाचत बसलात, बसमध्ये तासभर बसलात, दुपारी जेवून निवांत टेकलात, तर डुलकी लागण्याची शक्यता किती? अशा आठ प्रसंगांना शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहापुढे गेली तर डॉक्टरांना दाखवा. हे निदान नव्हे, दार ठोठावणे आहे. तोवर झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने घेऊ नका. काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवावे, मग गरजेप्रमाणे नागपूरला श्वसनरोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तपासणीचे नाव पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला चिकटवलेल्या तारा, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. दुखत काही नाही. काहींना छोटे यंत्र घरीही देतात. विकार ठरलाच, तर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र आहे. कॉलिन सुलिव्हन यांनी त्याची माहिती १९८१ साली प्रसिद्ध केली.

पहिल्या भेटीला जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या, जमल्यास घोरण्याचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर असू द्या. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्या सोबत्यालाच असतात.