गवायुर्वेदांतील 'शृंगामय' आणि बैलाचा शिंग-कर्करोग

जुन्या ग्रंथांत अमुक एका आधुनिक रोगाचें ज्ञान होतें कीं नव्हतें, हा प्रश्न शब्द तपासूनच सोडवावा लागतो. अग्निपुराणाच्या प्रचलित मुद्रित प्रतींत २९२ वा अध्याय गवायुर्वेदाचा आहे. धेनूंच्या शृंगामयांवर आलें, बला व जटामांसी यांच्या कल्कानें सिद्ध केलेलें तेल सैंधव व मध घालून द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. हा शृंगामय म्हणजेच आजचे पशुवैद्य ज्यास शिंगाचा कर्करोग म्हणतात तो रोग, असें समीकरण मांडण्याचा मोह संस्कृतज्ञास सहज होतो. तें टिकतें किंवा कसें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वर्धा जिल्ह्यास या प्रश्नाचें विशेष अगत्य असावें. १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झालेला हा जिल्हा कापसाचा आणि बैलांचा. आर्वी-कारंजा भागांतील गवळाऊ जात पांढऱ्या-करड्या रंगाची, हलक्या अंगाची व पायानें चपळ. हिचीं शिंगें आंखूड. मराठी फौजांचें सामान त्वरेनें वाहण्यासाठीं ही जात जोपासली गेली, असें परंपरा सांगते. याच जिल्ह्यांत हिंगणघाट तालुक्यांतील जांब येथें वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला. वाकाटकांचे लेख म. म. मिराशी यांनीं १९६३ सालीं एकत्र प्रसिद्ध केले. त्या घराण्याच्या दानपत्रांत दत्त ग्रामाच्या सवलती मोजतांना 'गो' आणि 'बलीवर्द' हे दोन शब्द एकाच समासांत, परंतु पृथक् येतात. अर्थात् पांचव्या शतकांतील राजशासनासहि गाय व बैल हा भेद स्पष्ट करणें अवश्य वाटे. पुढील विवेचनांत हाच भेद निर्णायक ठरतो.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. शिंगाच्या आंत हाडाचा गाभा असतो. तो पोकळ असून ती पोकळी कपाळाच्या अस्थींतील पोकळीशीं जोडलेली असते. तिच्या अस्तरांत हा रोग उद्भवतो. जनावर डोकें झटकतें, शिंग खुंटास घांसतें. त्या बाजूच्या नाकपुडींतून रक्तमिश्रित स्राव वाहतो. शिंग ढिलें होऊन एका अंगास कलतें व अखेर गळून पडतें. आंतून फुलकोबीसारखी मांसवृद्धि बाहेर येते. बहुधा एकाच शिंगास विकार होतो. तो मुख्यत्वें खच्ची केलेल्या बैलांस, तोहि ५ ते १० वर्षांच्या ऐन कामाच्या वयांत होतो. गाईस व वळूस क्वचित्. शिंग वेळींच मुळापासून कापून काढणें हा मुख्य उपाय. तरीहि रोग उलटण्याची भीति राहते.

आतां पुराणाची संगति लावावी. तेथील शब्द 'धेनु' आहे, आणि धेनु म्हणजे दुभती गाय. रोग बैलाचा आणि औषध धेनूचें, हा पहिला विरोध. 'धेनु' हा शब्द सर्व गोजातीचें उपलक्षण मानला, तरी गळणारें शिंग, नाकांतील रक्त, एकाच बाजूचा विकार यांपैकीं एकहि लक्षण तेथें नाहीं. शिवाय सुश्रुताच्या निदानस्थानाचा ११ वा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचा असून अर्बुद वाढतें परंतु पिकत नाहीं, असें लक्षण त्यांत दिलें आहे. वैद्यकपरंपरेंत असा नेमका शब्द रूढ असतां पुराणकारानें येथें 'आमय' हा सामान्य शब्द योजिला. शिंगास पडलेली भेग, जखम, सूज या सर्वांस तो लागूं पडतो. सबब वरील समीकरण सिद्ध होत नाहीं.

रोगाचा शास्त्रीय अभ्यास निराळ्या मार्गानें झाला. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, नागपूरचें १९५८ सालीं. मनुष्याच्या कांहीं कर्करोगांस चालीरीति कारण होतात, हें डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनीं १९४५ सालच्या निबंधांत सहकाऱ्यासह दाखविलें. धोतराच्या घट्ट आवळण्यानें कंबरेस होणारा कर्करोग हें त्यांतील एक उदाहरण. १९५२ सालीं मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, तेंहि त्यांच्याच पुढाकारानें. बैलाविषयींहि तोच प्रश्न निघतो. कारण जोखडाचें घर्षण, पोळ्यास शिंगें साळून रंगविण्याची चाल, कीं खच्चीकरणानें बदललेले अंतःस्राव? नाईक, बालकृष्णन व रांदेलिया यांनीं १९६९ सालीं ब्रिटिश पशुवैद्यक नियतकालिकांत भारतीय गोवंशाच्या जातींप्रमाणें या रोगाच्या प्रमाणाचा विचार केला. प्रमाण जातीवार बदलत असेल, तर जोखड व रंग एवढ्यावर कारणमीमांसा थांबत नाहीं. शिंगाची ठेवण आणि शरीरांतील द्रव्यें यांकडे वळावें लागतें. येथून पशुजीवरसायनज्ञाचें काम सुरू होतें. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींचें रूप पाहतो; हा रक्तांतील प्रथिनें, विकरें व अंतःस्राव मोजून रोगी व निरोगी जनावरांचे आंकडे ताडतो. अनेक पोथ्यांचे पाठ ताडणाऱ्या संशोधकास ही रीत परकी वाटूं नये.

त्याच्या कामांत संग्राहकाचाहि वाटा आहे. जुन्या दफ्तरांतून सनदा व बखरी उचलल्या जातात आणि गुरांच्या औषधांचीं सुटीं पानें रद्दींत जातात. तीं राखावीं. पान मिळतांच गांव, लेखनिक, शक व कागद यांची नोंद करावी. नंतर मजकुरांत चार गोष्टी शोधाव्या: जनावर गाय कीं बैल, शिंग एक कीं दोन, नाकांतून रक्ताचा उल्लेख आहे काय, आणि वय काय. चारहि जुळल्या तर रोगाची जुनी नोंद हातीं आली असें म्हणण्यास आधार मिळेल. तशी नोंद दोन-तीनशें वर्षांपूर्वींची निघाल्यास रोगाचा दोष केवळ अलीकडच्या खाद्यावर वा शेतींतील रसायनांवर टाकतां येणार नाहीं, आणि प्रयोगशाळेंतील अभ्यासकास एक वाट सोडून दुसरी धरावी लागेल. एका जीर्ण पानानें एवढें साधत असेल, तर तें रद्दींत घालणाऱ्याचा हात धरणें हें आपलें कर्तव्य होय.