भीमगीतांची वाटचाल

१३ ऑक्टोबर १९३५. येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा समोर सुमारे दहा हजार माणसे होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला होता. पाच वर्षे झाली तरी दार उघडले नव्हते. पण ज्यांना वाचता येत नव्हते आणि येवलाही गाठता आले नव्हते, त्यांच्यापर्यंत हा विचार कोण नेणार? ते काम जलशांनी केले.

सत्यशोधकांनी तमाशाचा बाज घेऊन गावोगाव जलसे केले होतेच. आंबेडकरी जलशाने बाज तोच ठेवला, मजकूर मात्र पार बदलला. नमन देवाला नव्हे, बाबासाहेबांना. सवाल-जवाब शाळेचे, पाणवठ्याचे, मेलेल्या ढोरांचे मांस सोडण्याचे. नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार यात आघाडीवर होते. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांचे मोल सारखे, असे बाबासाहेब म्हणाल्याची आठवण अजून सांगितली जाते. कर्डकांनी १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहिले, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

याच जिल्ह्यातले दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. येवल्याच्या घोषणेच्या वेळी ते तेरा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षर ठाऊक नव्हते. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झाली; जोडाक्षरे ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. १९४३ पासून त्यांनी भीमगीते, म्हणजे बाबासाहेबांची आणि त्यांच्या विचारांची गाणी, रचली आणि खेड्यापाड्यांत स्वतः गाऊन पोहोचवली. जलशाच्या फडाची जागा गायन पार्टीने घेतली, पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजांनी भीमगीत घराघरांत नेले.

वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ चा, ‘मोहळ’ १९७६ चा. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांची गीते हजारोंच्या घरात मोजली जातात. कागदावर आलेली त्यातली थोडी, त्यांच्या स्वतःच्या आवाजात उरलेली त्याहून थोडी.

इथे मला अमेरिकेतला ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन आठवतो. कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या माणसांचे गाणे गाणारा. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याची अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. १९९० मध्ये ती सगळी, काही गाण्यांच्या दुसऱ्या मुद्रणांसह, एका संचात निघाली. त्याच गाण्यांवर पुढे रॉकचे कितीतरी वादक घडले. २९ गाण्यांसाठी एवढी आस्था दाखवली जाते, तर हजारो गीतांच्या वामनदादांसाठी आपण काय केले?

नुसते शब्द छापून भागणार नाही. भीमगीत चालीत जगते. एकच कडवे एका पार्टीत कव्वालीच्या ठेक्यावर, दुसरीत लोकगीताच्या अंगाने येते. म्हणून जुन्या कॅसेटी, घरोघरच्या वह्या आणि वामनदादांच्या मागे कोरसला उभे राहिलेल्या वयस्क गायकांची स्मृती एकत्र यायला हवी. कोणते गीत कधीचे, कोणत्या चालीचे, कुणी गायलेले, या नोंदींसह. असे सर्वांसाठी खुले संग्रहालय उभारायचे, तर जिथे ती घोषणा झाली त्या येवल्याच्या मुक्तिभूमीइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.