बाण आणि तराजू

बंगळूरच्या जुन्या बाजारभागात तारामंडलपेठ नावाची एक वस्ती आहे. हैदर अली व टिपू सुलतान यांच्या काळातील बाणांच्या कारखान्यांशी अभ्यासक या नावाचा संबंध जोडतात. दारूचे बाण मराठी फौजांनाही परके नव्हते. म्हैसूरच्या बाणाचे वेगळेपण होते ते त्याच्या नळीत. कागदाच्या वा बांबूच्या नळीऐवजी तेथील कारागिरांनी नरम लोखंडाची नळी वापरली. तीत दारू अधिक घट्ट ठासता येऊ लागली आणि बाणाचा पल्ला हजार यार्डांच्या घरात गेला. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे कर्नल बेलीचे दारूगोळ्याचे गाडे उडाले, त्याचे श्रेय या बाणांनाच दिले जाते.

तथापि केवळ नळी भक्कम असून भागत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण तोलून सारखे भरले, तरी दोन बाण सारखे उडतीलच असे नाही. घट्ट ठासलेली दारू थराथराने जळते. सैल भरलेल्या दारूत ज्वाला फटींतून एकदम आत शिरते, दाब अकस्मात वाढतो आणि नळी फुटू शकते. सोऱ्यात मीठ राहिले, तर दारू ओल धरते व तिचा जोर मंदावतो. वजन, ठासणी आणि कोरडेपणा या तिन्ही गोष्टी प्रत्येक नळीत सारख्या उतराव्या लागतात. निष्णात कारागिराला हे हाताच्या अंदाजाने साधते. परंतु शेकडो हातांचा अंदाज एक कसा व्हावा?

त्याचे उत्तर मोजमापात होते. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक रीत प्रसिद्ध केली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडावयाची आणि ठोकळा किती झुलतो यावरून गोळीचा वेग काढावयाचा. किती दारू किती वेग देते, हे त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. हाच रॉबिन्स पुढे कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे निवर्तला.

२१ मार्च १७९१ रोजी बंगळूरचा किल्ला कॉर्नवॉलिसच्या हाती पडला, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसूरचे बाण इंग्लंडात वुलिचच्या शस्त्रागारात पोचले. त्यांवरून स्फूर्ती घेऊन विल्यम काँग्रीव्हने पुढील काही वर्षांत प्रयोग केले. त्याने दारू यंत्राच्या घणाने ठासविली आणि ठराविक वजनाचे बाण घडविले. दिशेचा लहरीपणा त्यालाही घालविता आला नाही. पण बाण आता एका कारागिराच्या हातावर अवलंबून राहिला नाही.

२०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत हजारावर लोखंडी बाण सापडले. त्याआधी, १९८५ मध्ये, बंगळूरचेच शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी म्हैसूर व ब्रिटन येथील बाणांचा तौलनिक अभ्यास मांडला होता. म्हैसूरला कल्पकतेची वाण नव्हती. मात्र हाताचे कसब कारागिराबरोबर संपते. मोजून नोंदलेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती देता येते आणि वाढविताही येते.