दट्ट्या एकदाच खाली जातो

मंडळी, गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी सिरिंजच्या इतिहासात डोकं घालून बसलोय. घरच्यांनी 'आता हे काय नवीन?' असं विचारायचंही सोडून दिलंय. सुरुवात झाली ती एका साध्या शंकेतून. सिरिंजच्या पाकिटावर 'एकदाच वापरा' असं छापलेलं असतं. पण नुसतं छापून काय होतं? आमच्या धंद्यातही लोक कोडच्या डोक्यावर कॉमेंट लिहून ठेवतात, 'हे फंक्शन दुसऱ्यांदा चालवू नका'. आणि सहा महिन्यांनी कोणीतरी महाभाग ते चालवतोच. कॉमेंट ही विनंती असते, कंपायलर ती वाचत नाही. याउलट बँकेचा ओटीपी घ्या. तो दुसऱ्यांदा वापरू नका असं कोणी सांगायची गरजच नाही, तो चालतच नाही. सिरिंजला कॉमेंटपासून ओटीपीपर्यंत पोचायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली, आणि मधल्या काळात फार माणसं मेली.

आधी थोडक्यात जन्मकथा. १८४४ मध्ये डब्लिनला फ्रान्सिस रिंडने पोकळ सुईतून कातडीखाली औषध सोडलं. १८५३ च्या सुमारास एडिंबरोत अलेक्झांडर वूड आणि फ्रान्समध्ये लियाँला शार्ल प्राव्हाझ यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, सुईला दट्ट्यावाली नळी जोडली. त्यानंतरची शंभर वर्षं सिरिंज म्हणजे स्टेथोस्कोपसारखं डॉक्टरचं एक महागडं हत्यार. काचेची नळी, काचेचा दट्ट्या, आणि धार बोथट झाली की दगडावर घासायची सुई. माझ्या वयाच्या लोकांना तो स्टीलचा डबा आठवत असेल. आमच्या गावच्या दवाखान्यात कंपाउंडर स्टोव्हवर डबा ठेवायचे, आत काच खुळखुळायची, आणि बाकावर रांगेत बसलेल्या पोरांची तो आवाज ऐकूनच पाचावर धारण बसायची.

उकळण्यात वाईट काहीच नाही. नीट वीस मिनिटं उकळलं तर काम भागतं. प्रश्न त्या 'नीट'चा आहे. रांगेत साठ माणसं आणि डब्यात चार सिरिंजा असल्या की वीस मिनिटांची दोन मिनिटं कधी होतात ते कळत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, मला ती इतिहासातल्या उत्तम डीबगिंग कथांपैकी एक वाटते. १९१० पासून उपदंशावर सालव्हर्सान हे आर्सेनिकचं औषध आलं. ते शिरेतून द्यायचे. पण उपचार सुरू झाल्यावर दोन-चार महिन्यांनी पुष्कळ रोग्यांना कावीळ व्हायची. आर्सेनिक म्हणजे विषच, तेव्हा दोष औषधाचा असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तीसेक वर्षं! मग दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, डब्लिनच्याच जोसेफ बिगर यांनी वेगळी शंका मांडली. शिरेत इंजेक्शन देताना सुई नेमकी शिरेत गेली की नाही हे बघायला डॉक्टर दट्ट्या किंचित मागे ओढतो, आणि थोडं रक्त नळीत येतं. पुढच्या माणसाला सुई बदलली तरी नळी तीच, फार तर पाण्याने खळबळलेली. म्हणजे आधीच्या माणसाचं रक्त पुढच्याच्या शिरेत. (आमच्या भाषेत ग्लोबल व्हेरिएबल. प्रत्येकाने वापरायचा, साफ कोणीच करायचा नाही.) दर रुग्णाला निर्जंतुक केलेली वेगळी सिरिंज वापरायला लागल्यावर तथाकथित 'आर्सेनिकची कावीळ' ओसरली. दोषी औषध नव्हतंच, तो हेपटायटिसचा विषाणू होता. बग आणि क्रॅश यांच्यात महिन्यांचं अंतर असलं की कोणावर आळ येईल, काही सांगता येत नाही.

इथून फेकून द्यायच्या सिरिंजकडे गाडी वळली. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्कच्या पोलिओ लशीची अवाढव्य चाचणी झाली, त्यात १८ लाखांवर मुलं होती. त्या लसीकरणासाठी बेक्टन डिकिन्सन कंपनीने एकदाच वापरायची सिरिंज मोठ्या प्रमाणावर काढली, तीही काचेचीच. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधल्या टिमारू गावच्या कॉलिन मरडॉक या औषधविक्रेत्याने प्लास्टिकच्या सिरिंजचं पेटंट घेतलं. (याच गृहस्थाने जनावरांना बेशुद्ध करायची बंदूकही बनवली. काही लोकांना रविवारी स्वस्थ बसवतच नाही!) साठच्या दशकात प्लास्टिक स्वस्त झालं, आणि श्रीमंत देशांपुरता प्रश्न बऱ्यापैकी मिटला.

गरीब देशांत काय झालं? इजिप्तची हकीकत वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो.

नाईलच्या कालव्यांत एक कृमी असतो, त्याच्यापासून बिल्हार्झिया होतो. शेतकरी पिढ्यानपिढ्या त्याने बेजार होते. सरकारने मनापासून मोहीम काढली. साधारण १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत गावोगाव टार्टार एमेटिकची इंजेक्शनं शिरेतून दिली गेली. एका रोग्याला एकदा देऊन भागत नसे, दहा-बारा वेळा टोचावं लागे. १९६४ ते १९८२ या काळात वर्षाला २० लाखांवर इंजेक्शनं दिली गेली. १९६४ च्या एका वर्णनात एक तरबेज डॉक्टर तासाभराच्या आत पाचशेवर लोकांना टोचतो, आणि वापरलेल्या सिरिंजा धुऊन मिनिट-दोन मिनिटं उकळून परत त्याच्या हाताशी येतात. वर्णन करणारा त्या सफाईचं कौतुक करतोय! हेपटायटिस सी चा विषाणू तेव्हा कोणाला माहीतच नव्हता, तो ओळखला गेला १९८९ मध्ये. आणि यकृत निकामी व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. १९८० च्या दशकात बिल्हार्झियावर प्राझिक्वांटेल ही गोळी आली, सुया थांबल्या, पण बिल यायचं बाकी होतं. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या जवळजवळ १५ टक्के इजिप्शियनांच्या रक्तात हेपटायटिस सी च्या लागणीची खूण सापडली. पुढे २०१८-१९ मध्ये इजिप्तने सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली आणि लाखोंना गोळ्यांनी बरं केलं, हे त्यांचं कर्तृत्व मानलंच पाहिजे. पण मधल्या काळात जे गेले ते गेलेच.

यात खलनायक कोणी नाही, हेच मला छळतं. डॉक्टर, नर्स, सरकार, सगळे भलं करायलाच निघाले होते.

म्हणून पुढचं पाऊल महत्त्वाचं. डिस्पोजेबल सिरिंज गरीब देशांत पोचली तेव्हा असं दिसलं की लोक तीही धुऊन वापरतात. प्लास्टिक तर उकळताही येत नाही, म्हणजे आगीतून फुफाट्यात. १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच निकामी होणारी सिरिंज बनवा असं आवाहन केलं. पाथ संस्थेची सोलोशॉट आली. इकडे मार्क कोस्का नावाच्या इंग्रज माणसाने १९८४ मध्ये पेपरात एक बातमी वाचली, की एड्स सिरिंजमधून पसरणार, आणि तो हात धुऊन मागे लागला. त्याची युक्ती बघा: नळीच्या आत एक बारीक कडं, दट्ट्याला खाचा. दट्ट्या पूर्ण खाली गेला की अडकतो, जोर लावून ओढला तर मोडतो. आणि हे सगळं जुन्याच यंत्रांवर थोडा फेरफार करून बनवता येतं. या शेवटच्या वाक्यासाठी मी त्याला सलाम करतो. डिझाइन कितीही हुशार असलं तरी कारखानदाराला नवीन यंत्रं घ्यायला लावलीत की संपलं.

१९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी मिळून सांगितलं की २००३ अखेर लसीकरणात फक्त अशाच, म्हणजे एडी सिरिंज वापरा. आपल्याकडे त्याच सुमाराला इंडियाक्लेनने देशभर पाहणी केली, तर सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित निघाली. मग २००५ च्या सुमारास सरकारी लसीकरणात एडी सिरिंज आली. कोविडच्या लशीला तुमच्या-माझ्या दंडावर टोचली ती बहुधा हीच, अर्ध्या मिलीलिटरची.

पण लस म्हणजे एकूण इंजेक्शनांतला दहावा हिस्साही नाही. बाकी सगळी तापाची, अंगदुखीची, 'डॉक्टर, सुई मारा म्हणजे बरं वाटेल' वाली. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हेपटायटिस बी ची साथ आली, ऐंशीच्या वर माणसं दगावली. तपासात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचं आणि त्यांचा भंगारबाजार चालत असल्याचं उघड झालं. २०१९ मध्ये सिंधमधल्या रातोडेरोत शेकडो लहान मुलांना एचआयव्ही झाला, तिथेही बोट वापरलेल्या सिरिंजा आणि सलाइनच्या नळ्यांकडे गेलं. २०२१ मध्ये पाकिस्तानने साध्या सिरिंजा बंद करून एडी सिरिंज आणायचं ठरवलं. आपल्याकडे खाजगी दवाखान्यात औषध टोचायला अजून बहुतेक ठिकाणी साधी डिस्पोजेबलच मिळते. वापर झाल्यावर कटरने तिची सुई कापायची असा नियम आहे, आणि कापणारा अर्थातच माणूस.