किंचाळीचा जमाखर्च

इतर प्राणी घाबरतात ते फुकट. माणूस मात्र रांगेत उभा राहतो, तिकीट काढतो, घाबरतो, बोंब ठोकतो आणि खाली उतरून केस सारखे करत पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. आम्ही बँकेतले लोक रांगेच्या पलीकडच्या बाजूला बसणारे. रांगेतला माणूस आनंदात आहे, हे दृश्य आमच्या नशिबी फारसे येत नाही. तेव्हा या विषयाबद्दल मला कुतूहल वाटावे, यात नवल नाही.

त्या कुतूहलाला खतपाणी घातले ते माझ्या भाच्याने. तो न्यू जर्सीत असतो. कंपनीत तो नेमके काय करतो, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण सुट्टीच्या दिवशी काय करतो, ते साऱ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. तो रोलर कोस्टरमध्ये बसतो. त्याच्यासारख्या शौकिनांची तिकडे १९७८ पासून एक संस्थाच आहे, 'अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स' नावाची. हे शौकीन कोण किती कोस्टरांत बसला याची नोंद ठेवतात आणि अशा प्रत्येक नोंदीला 'क्रेडिट' म्हणतात!

"मामा, माझी एकशे बारा क्रेडिट झाली," तो एकदा फोनवर म्हणाला.

"छान. आणि डेबिट कुणाच्या नावे टाकलंस?" मी विचारले.

भाचा पडला इंजिनियर. त्याने ते हसण्यावारी नेले. पण दुहेरी नोंद पद्धतीच्या मांडीवर वाढलेल्या बी. कॉम. माणसाला जमेची बाजू दिसली, की नावेची बाजू सापडेपर्यंत घास उतरत नाही. ती शोधता शोधताच मी या पाळण्यांच्या इतिहासात शिरलो.

या मंडळींचे वाद कान देऊन ऐकावेत असे असतात. शर्यतीच्या कोस्टरला शेजारी शेजारी दोन रूळ असतात. त्याचे क्रेडिट एक धरायचे की दोन? जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवले, तर जुनेच खाते पुढे चालवायचे की नवे उघडायचे? लहान मुलांच्या सुरवंटाच्या गाडीत सहा फुटी बाप्या गुडघे कानाशी घेऊन बसला, तर ती नोंद ग्राह्य की अग्राह्य? आमच्या ऑडिटरांनीही इतक्या बारीक शंका कधी काढलेल्या नाहीत.

सगळ्यांत मोठा वाद मात्र दोन पक्षांचा. एक झोक्यांचा, दुसरा देखाव्यांचा. भाचा पहिल्या पक्षात. उंची आणि वेग यांखेरीज बोलणार नाही. भाचेसून दुसऱ्या पक्षात. ती म्हणते, "मामा, हे ओरडून पैसे वसूल करतात, मी बघून करते." एका घरात दोन पक्ष आणि दोघांनाही मीच मामा, तेव्हा तटस्थ राहणे भाग होते. तटस्थ माणसाने इतिहास वाचावा, म्हणजे बोलायची वेळ आली तरी सनावळी सांगून सुटता येते.

तर सनावळी अशी. अठराव्या शतकात रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, हिवाळ्यात लाकडी उंच उतार बांधायचे, त्यावर पाणी ओतून बर्फ गोठवायचा आणि ढकलगाडीवर बसून सुसाट खाली यायचे, अशी चाल होती. पॅरिसमध्ये पुरेसा बर्फ नाही, म्हणून तिथे १८१७ साली चाकांची गाडी आली. ती उडू नये म्हणून आसाची टोके रुळातल्या खाचेत अडकवलेली. तेव्हापासून फ्रेंच लोक या प्रकाराला 'रशियन डोंगर' म्हणतात. आणि रशियन लोक काय म्हणतात? 'अमेरिकन टेकड्या'! थकलेल्या कर्जाचे असेच असते. कर्जदार जामीनदाराकडे बोट दाखवतो, आणि जामीनदार गावाकडे.

अमेरिकेत पहिले नियमित उतारू ठरले ते माणसे नव्हेत, खेचरे. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली खाणीतला कोळसा उतरवण्यासाठी डोंगरउताराचा रूळमार्ग बांधला. भरलेल्या वाघिणी आपल्या वजनाने खाली घरंगळत यायच्या. रिकाम्या वर ओढून न्यायला खेचरे. आता ही खेचरे खाली कशी आणायची? तर त्यांनाही एका डब्यात उभे करून कोळशामागोमाग सोडायचे. म्हणजे वर जाताना कष्ट आणि खाली येताना सहल! आमच्या नोकरीत याच्या उलटे असते. पुढे कोळशाला दुसरी वाट मिळाली आणि १८७०च्या दशकात हा मार्ग निव्वळ हौशी प्रवाशांसाठी चालू लागला. माणसे पैसे देऊन खेचरांच्या जागी उभी राहिली.

हे पाहून लामार्कस थॉम्प्सन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली न्यू यॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर आपली 'स्विचबॅक रेल्वे' काढली. हा गृहस्थ मोज्यांचा कारखानदार आणि मोठा धार्मिक. तरुण मंडळी दारूच्या गुत्त्यात जाऊन बिघडतात, त्यापेक्षा मोकळ्या हवेत घसरोत, असा त्याचा सद्हेतू. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. म्हणजे आमचा शिपाई पगाराच्या दिवशी याहून जोरात चालतो. तरीही लोक तुटून पडले. १८८५ साली फिलिप हिंकलने साखळीने गाडी वर ओढण्याची युक्ती काढली आणि उतारूंचे जिने चढणे वाचले.

इथपर्यंत नावेची बाजू कोरीच होती. ती १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात भरली. पॅरिसने १८८९ साली आयफेल टॉवर उभारून अमेरिकेचे नाक खाली केले होते. ते वर काढण्याची कामगिरी जॉर्ज फेरिस या पुलांच्या इंजिनियरने अंगावर घेतली आणि २६४ फूट उंचीचे चक्र उभे केले. त्याला ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसे. म्हणजे एका वेळी २,१६० जण आकाशात. आपल्या जत्रेतला पाळणा चार धट्टेकट्टे गडी फिरवायचे. इथे वाफेची इंजिने होती. तिकीट पन्नास सेंट. बसणाऱ्यांची संख्या चौदा लाखांवर गेली. असा खातेदार आमच्याकडे आला असता, तर साहेबांनी उठून खुर्ची दिली असती. पण प्रदर्शन संपले, पैशांच्या वाटणीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १८९६ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, फेरिस विषमज्वराने गेला तेव्हा तो कर्जबाजारी होता. त्याचे चक्र १९०४ साली सेंट लुईच्या प्रदर्शनात पुन्हा फिरले आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडले. आज जगभर प्रत्येक आकाशपाळण्याला इंग्रजीत त्याचेच नाव आहे. जमा झाली ती नावाला. नावे पडले ते त्याच्याच.

मग आली उलटे टांगण्याची टूम. १८९५ साली कॅप्टन बॉयटन यांनी कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' आणला. त्यात गाडी चक्क उभ्या वर्तुळातून जायची. वर्तुळ अगदी कंपासने काढावे तसे गोल, आणि इथेच घोटाळा. सपाट रुळावरून गोलात शिरताक्षणी उतारूच्या मानेवर त्याचेच वजन कितीतरी पटींनी आदळायचे. माना लचकायच्या. १९०१ सालच्या 'लूप द लूप'ने गोल थोडा लांबट केला. माना वाचल्या, पण गाडीत जेमतेम चार माणसे मावत. बघे पुष्कळ, बसणारे थोडे. जोडव्यवसाय म्हणून ठीक, पण हप्ता कसा फेडणार? या कोड्याचे नीट उत्तर मिळायला १९७६ साल उजाडले. कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये अँटोन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडीने थेंबाच्या आकाराचे वळण दिले: खाली ऐसपैस, वर आवळत गेलेले. आगगाडीला वळणावर हिसका बसू नये म्हणून रेल्वेचे इंजिनियर जी वक्ररेषा वापरतात, तिचीच ही बहीण.

आता देखाव्यांच्या पक्षाचे ऐकू, नाही तर भाचेसून बोलायची नाही. १९०३ साली कोनी आयलंडवर ल्यूना पार्क निघाले, त्यात फ्रेडरिक थॉम्प्सनची 'चंद्राची सफर' होती. यान जागच्या जागी हलायचे, भोवतीची चित्रे सरकायची आणि लोक चंद्रावर पोचायचे. शेजारच्या ड्रीमलँडमध्ये खरीखुरी आग लावून बंबवाल्यांचा खेळ दाखवीत. आणि १९११ साली, हंगामाच्या आदल्या रात्री, 'नरकद्वार' नावाच्या देखाव्याची दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि अख्खे ड्रीमलँड जळून गेले! पण या बाबतीत माझा खरा नमस्कार जॉर्ज टिल्यू यांना. १९०७ साली त्यांचे स्टीपलचेज पार्क जळाले, तेव्हा त्यांनी फाटकावर पाटी लावली: जळलेले अवशेष पाहण्यास दहा सेंट. बुडीत खात्याची इतकी तातडीची वसुली कुठल्याही परिपत्रकात नाही.

देखाव्यातली तंत्रेही जुनीच. लंडनमध्ये १८६२ साली जॉन पेपर या प्राध्यापकाने तिरकी काच ठेवून रंगमंचावर भूत आणले. माणूस खाली लपलेला, प्रेक्षकांना दिसायचे ते फक्त प्रतिबिंब. शंभरावर वर्षांनी, १९६९ साली, डिस्नेलँडच्या भुताच्या वाड्यात तेच भूत नाचू लागले. खुद्द डिस्नेलँड १९५५ सालचे. तिथे तिकिटांची पुस्तिका असे. साधे वाहन असेल तर 'ए', आणि १९५९ पासून सर्वांत झोकदार गोष्टींना 'ई' तिकीट. ही पद्धत १९८२ साली बंद झाली. म्हणजे भीतीचीसुद्धा श्रेणी ठरवून व्हाउचर फाडणारी माणसे तेवीस वर्षे सुखाने नांदली. त्याच १९५९ साली तिथे मॅटरहॉर्नचा डोंगर उभा राहिला आणि त्यात पहिल्यांदा पोलादी नळीचे रूळ वापरले. डोंगर देखाव्याचा, उतार झोक्याचा. दोन्ही पक्षांचे हे संयुक्त सरकार अजून चालू आहे.

मग नावेची बाजू भरली कुणी? माझे उत्तर जॉन मिलर या माणसापाशी येऊन थांबते. तुम्ही सिनेमात तरी पाहिले असेल: गाडी पहिला चढ चढू लागली, की टक् टक् टक् आवाज येतो. त्या आवाजाने पोटात गोळा येतो. देवाची नावे आठवतात. कर्जाचे हप्ते आठवतात. तो आवाज कसला? तर साखळी तुटलीच, तर गाडी मागे घसरू नये म्हणून दातऱ्या पट्टीत पडत जाणाऱ्या खिटीचा. विहिरीच्या रहाटाला असते तशीच. मिलरने ती १९१०च्या सुमारास कोस्टरला लावली. ज्या आवाजाला माणूस सर्वांत जास्त भितो, तोच त्याला सांभाळत असतो! सांगणारा सांगतो, 'धरलंय, धरलंय'. ऐकणारा ऐकतो, 'मेलो, मेलो'.

मिलरने १९१९ साली आणखी एक एकस्व घेतले. रुळाच्या खालून लागणारी चाके. त्यामुळे गाडी रूळ सोडून वर उडेना, आणि मगच उतार उभे होऊ शकले. १९२७ सालचा कोनी आयलंडचा 'सायक्लोन' त्याच चाकांच्या जिवावर ८५ फूट खाली झेपावतो. त्यात बसून १९४८ साली वाचा गेलेल्या एका खाणकामगाराला वाचा फुटली, असे सांगतात. पहिले शब्द 'मला मळमळतंय' असे होते म्हणे. उतार लोकांना दिसला, चाके कुणाला दिसली नाहीत. ती खालच्या बाजूला होती.

पुढे उंची वाढली. २००५ साली न्यू जर्सीतच 'किंग्डा का' उभा राहिला: ४५६ फूट उंच, ताशी १२८ मैल वेग. त्यात टक् टक् नव्हती. तेलाच्या दाबाने गाडी साडेतीन सेकंदांत भिरकावली जायची. कधी तिला माथा गाठता यायचा नाही आणि ती मागे यायची. अशा वेळी तिला अडवायला चुंबकाचे ब्रेक तयार असत. त्यांना ना वीज लागे, ना माणूस. २०२५च्या फेब्रुवारीत तोही सुरुंगाने पाडला. फेरिसच्या चक्रासारखाच. भाच्याच्या वहीत त्याचे क्रेडिट शाबूत आहे. खाते बंद, शिल्लक कायम.

उंची की देखावा, लाकूड की पोलाद, हा वाद सुखाने चालू राहो. पण मला विचाराल तर इथे विकली जाते ती भीती नव्हेच. भीती फुकट मिळते. मार्चअखेरीला तर आम्ही ती घरी नेतो. विकले जाते ते तारण. परत आणून सोडण्याची हमी असलेली भीती. ही हमी ज्यांनी दिली, त्यांत कुणी कर्जात गेला, कुणाची चाके रुळाखाली दडली, आणि कुणी आजही उद्यानाचे फाटक उघडण्यापूर्वी हातात पाना घेऊन त्या लाकडी चढावरून पायी जातो, एकेक बोल्ट तपासत. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. त्याच्या वहीत क्रेडिटही नाही.

घाबरण्याचे पैसे आपण तिकिटात देतो. परत येण्याचे कुणीतरी दुसराच भरत असतो. ताळेबंद जुळतो तो त्यामुळे.