तीन टिंबांमागचं बंधन

जावात हवी तेवढी आर्ग्युमेंट्स घेणारी मेथड वापरताना कंपायलर अडून बसला, की भाषेच्या किचकटपणाला बोल लावला जातो. मला ते पटत नाही. या एररचं मूळ 2004 सालच्या जावा 5 मध्ये आहे. तोवर मजकुरात मूल्यं भरणाऱ्या मेसेजफॉरमॅटला ती द्यायची तर दर वेळी ऑब्जेक्टचा अ‍ॅरे हातानं बांधावा लागे. जावा 5 मध्ये आर्ग्युमेंटच्या प्रकारापुढे तीन टिंबं (...) लिहायची सोय आली आणि ते काम कंपायलरकडे गेलं. पण आत अ‍ॅरेच राहिला, आणि जुना कोड बिघडता कामा नये हे बंधनही. म्हणून कंपायलर तीन फेऱ्यांत मेथड शोधतो: आधी प्रकार थेट जुळतो का, मग बॉक्सिंग करून, म्हणजे इंटसारखं साधं मूल्य इंटिजरसारख्या ऑब्जेक्टमध्ये घालून, जुळतो का, आणि टिंबांचा विचार अगदी शेवटी.

इंटचा अ‍ॅरे अ‍ॅरेज-अ‍ॅजलिस्ट या टिंबांच्याच मेथडला देऊन इंटिजरची लिस्ट मागितली, की एरर येते. इंट हा ऑब्जेक्ट नसल्यामुळे अख्खा अ‍ॅरेच एक घटक धरला जातो. अ‍ॅरे इंटिजरचा केला की तक्रार मिटते. एकाच नावाच्या दोन मेथड, एक इंटची आणि एक इंटिजरची, दोन्ही टिंबांच्या असल्या, तर नुसता 1 दिल्यावर कंपायलरला निवड करता येत नाही. सीचा प्रिंटएफ असा अडत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण तिथे टिंबांच्या जागी आलेल्या मूल्यांचे प्रकार भाषा तपासतच नाही, आणि चूक प्रोग्राम चालताना अंगावर येते. जावानं ती लिहितानाच पकडली. जेनेरिक प्रकारांचा अ‍ॅरे मात्र जावालाही नीट तपासता आला नाही, म्हणून कंपायलर नुसते इशारे देई; त्या इशाऱ्यांसाठी 2011 मध्ये जावा 7 ला सेफव्हारआर्ग्ज हे अ‍ॅनोटेशन आणावं लागलं.