निर्मळची गंजिफा

गोदावरीच्या उत्तरेकडील मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात मोडत असे. भाषावार प्रांतरचनेत तो आदिलाबादेस जोडला गेला, तेव्हा महसुलाचे दफ्तर बदलले, घरांतील मराठी मात्र होती तशीच राहिली. या मुधोळच्या पूर्वेस असलेल्या निर्मळची ख्याती लाकडी खेळण्यांसाठी आणि चकचकीत रंगकामासाठी सर्वतोमुखी आहे. परंतु तेथील नक्काशांनी एके काळी वर्तुळाकार पत्त्यांच्या गंजिफाही रंगविल्या, ही गोष्ट आज आपल्यापेक्षा युरोपातील जुने फासे आणि पत्ते जमविणाऱ्या शौकिनांनाच अधिक ठाऊक असावी, हे काहीसे लाजिरवाणे आहे.

सिंधच्या शाह हसनास गंजिफेचा शौक असल्याने बाबराने १५२७ मध्ये त्याच्याकडे ती पाठविली, अशी नोंद बाबराच्याच आत्मचरित्रात आहे. पुढे रूढ झालेल्या मोगली संचात आठ रंग आणि शहाण्णव पाने: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश, म्हणजे मुकुटापासून खजिन्यातील सोन्यारुप्यापर्यंत आणि दफ्तरातील बरातेपासून कोठारातील मालापर्यंत अवघी सल्तनत खेळाडूच्या मुठीत. प्रत्येक रंगात मीर, त्याखाली वजीर आणि मग दहा साधी पाने. पण चार रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या चारांत एक्का. दशावतारी संचात रंग दहा, पाने एकशेवीस. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने प्रथम उतरावयाचे, रात्री मांडला तर कृष्णाचा ज्याच्या हाती त्याने.

ही पाने बनविताना सावंतवाडीचे चितारी जुन्या धोतराच्या चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवीत, वाळल्यावर खडूचा लेप देऊन ते दगडाने घोटीत आणि पाठीवर लाख चढवीत. एवढ्या खटाटोपाने सिद्ध होणारा संच युरोपातील कारखान्यांत छापलेल्या बावन्न पानी जोडांच्या स्वस्ताईपुढे टिकणे अशक्यच होते. गंमत अशी की, विलायतेत उत्तम प्रतीचे जोड ‘मोगल’ या नावानेच विकले जात!

१९३३ मध्ये मुंबईस आलेल्या रुडी फॉन लायडन या जर्मन कलासमीक्षकाने गंजिफा जमवून तिचा अभ्यास केला, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, संग्रहात चित्र सुरक्षित राहते, डाव राहत नाही. गंजिफेत हुकूम नसतो; तिघांत वाटलेल्या पानांपैकी कोणते पडून गेले आणि म्हणून हातातले कोणते आता अजिंक्य झाले, याचा हिशेब स्मरणातच ठेवावा लागतो. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला सावरली, तरी आजचा ग्राहक ती बहुधा भिंतीसाठीच घेतो.

निजामाच्या अमदानीत फसली १३०५ मध्ये, म्हणजे १८९५-९६ च्या सुमारास, जुगारबंदीचा कायदा झाला, आणि मुधोळही त्याच्या अंमलाखाली होते. त्याच कायद्याखालील रमीच्या एका खटल्यात १९६८ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात म्हणून रमी ही मुख्यत्वे कौशल्याची, असा निर्वाळा दिला. त्या कसोटीला गंजिफा रमीहून सरसच उतरली असती, पण तिचा खटला चालावा इतके खेळाडू तोवर उरले नव्हते.